चित्रविचित्र किडे बघायला आधी कढीपत्त्यापाशी बसा

मुलांना आगळेवेगळे किडे दाखवायचे म्हटलं की आमच्या सोसायटीतले आईबाप गाडी काढून थेट ताम्हिणीला निघतात. पोरं निम्म्या वाटेत झोपतात. मी पुण्यातल्या सहकारनगरची आजी, नातवाबरोबर खालची तीन-चार कार्टीही गोळा करते आणि गच्चीतल्या कढीपत्त्यापाशी बसवते.

पावसाळ्यात कोवळ्या पानावर पक्ष्याची शीट पडलेली दिसली तर पुसू नका, आधी भिंगातून बघा. बहुतेक वेळा ती कॉमन मॉरमॉन किंवा लाइम फुलपाखराची अळी निघते. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून घेतलेलं सोंग! शेवटच्या टप्प्यात कात टाकली की हीच अळी हिरवीगार होते. तेव्हा तिला काडीने हळूच डिवचा. मानेपाशी लालसर दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. पोरं "ईऽऽ" करून मागे सरतात आणि लगेच "आजी, परत!" म्हणतात. परत नाही. एका अळीला एकदाच.

पाळायची हौस असेल तर अळी फांदीसकट आणा. फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवून तोंडाशी कापूस कोंबा, नाहीतर अळी उतरून बुडते. वरून जुन्या मच्छरदाणीचा तुकडा. मंडईतली जुडी मात्र घालू नका, फवारणीच्या पानांनी अळ्या मरतात. कोष झाल्यावर साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. कधीकधी कोषाला भोक पडून आतून बारीक गांधीलमाश्या बाहेर येतात, कारण त्यांच्या आईने त्यात अंडी घातलेली असतात. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, नंतरची रडारड वाचते.

मग जवळची तळजाई टेकडी. ऊन चढायच्या आत जायचं, भिंग आणि वही घ्यायची. बरण्या घरीच ठेवा. जागा वनखात्याची आहे, तिथून काही उचलून आणायचं नाही.

दगडाच्या किंवा बुंध्याच्या आडोशाला कोरडी, पिठूळ माती शोधा. तिथे नरसाळ्याच्या आकाराचे खड्डे असतात. उन्हाळ्यात सर्रास, पावसात फक्त कोरड्या कोपऱ्यात. तळाशी अँटलायन नावाच्या कीटकाची अळी गाडून घेऊन जबडे उघडून बसलेली असते. मुंगी काठावरून घसरली की ती खालून माती उडवते आणि मुंगी आणखी खाली येते. काठावरचे दोन कण काडीने आत ढकला, तेवढ्यानेही ती चिडते. मग खड्ड्याखालची माती चमच्याने अलगद वहीच्या पानावर घ्या. अळी मागे मागे चालायला लागेल. तिला शी करायची सोयच नसते, अळीपणातलं सगळं पोटात साठवून ठेवते. सहा-सात वर्षांच्या मुलांपुढे यापेक्षा भारी माहिती माझ्याकडे नाही!

बाभळीवर काड्यांची छोटी मोळी लोंबताना दिसली तर तीही बघा. आत पतंगाची अळी घर अंगावर घेऊन हिंडत असते. पहिल्या पावसानंतर मखमली लाल मृगाचा किडा भेटला तर पाय मोजायला लावा. आठ भरतात, म्हणजे तो कीटक नाही, कोळ्यांच्या गोतातला. हे आपण सांगून टाकू नये, मोजू द्यावं. नावांचंही तेच. आधी चित्र काढू द्या, नाव मागाहून.

दोन गोष्टींना मात्र हात लावू द्यायचा नाही. एक केसाळ सुरवंट. दुसरा जास्वंद-भेंडीच्या फुलांवर बसणारा, काळ्या अंगावर नारिंगी पट्टे असलेला ब्लिस्टर बीटल. त्याच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात. दगड उलटायचा तर मोठ्यांनीच, पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे खाली विंचू असला तरी मध्ये दगड राहतो. बघून झालं की दगड होता तसा ठेवायचा.