झाकण्याआधी बघून घ्या: जुन्या घरावर मजला चढवताना

माझं माहेर औसा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती बुडवून गाव झोपलेलं असताना, किल्लारीच्या भूकंपात आमचं माळवद खाली आलं. दोन हात रुंद दगडी भिंती, वर सागवानी तुळया आणि त्यावर वर्षानुवर्षं चढत गेलेली माती. गळायला लागलं की पावसाळ्याआधी आणखी एक थर टाकायचा, हीच रीत होती. भिंतीतले दगड नुसत्या मातीत बसवलेले होते आणि ते कुणी कधी पाहिलं नव्हतं. माझी आजी त्या ढिगाऱ्यात गेली.

लातूरच्या आमच्या घरावर मजला चढवायचं ठरलं तेव्हा मी एकच गोष्ट धरून बसले: जे झाकलं जाणार आहे, ते झाकण्याआधी आपण डोळ्यांनी बघायचं. पाया, सळई, भिंतीतला पाइप, आणि मालकीचा कागदसुद्धा.

कागदापासूनच सुरुवात करा. घरपट्टीची पावती सासऱ्यांच्या नावावर होती, म्हणून घर आपलं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नव्हे. मालमत्ता पत्रक, म्हणजे लोक ज्याला पीआर कार्ड म्हणतात ते, काढलं तर त्यावर अजून चुलत सासऱ्यांचं नाव. वारस नोंद करून घेण्यात आमचे पाच महिने गेले. तेव्हा मिस्त्री शोधायच्या आधी पीआर कार्ड किंवा सातबारा हातात घ्या. गावात असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उताराही घ्या, पण तोही कर आकारणीचाच कागद आहे हे ध्यानात ठेवा. गुंठेवारीतला, म्हणजे शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने तोडून विकलेला, प्लॉट असेल तर आधी तो नियमित झालाय का ते बघा. आपल्याकडच्या शहरांच्या कडेला असे प्लॉट खूप आहेत, आणि तिथे वरच्या मजल्याचा नकाशा याच एका कागदासाठी अडतो.

परवानगी कशाला लागते, याचा लोकांच्या मनात फार गोंधळ असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्यानुसार घराच्या फक्त आतल्या भागात होणाऱ्या किंवा बाहेरच्या रूपात फारसा फरक न करणाऱ्या दुरुस्तीला परवानगी लागत नाही. गिलावा, रंग, फरशी बदलणं, ओटा नवा करणं, ही कामं बिनधास्त करा. मजला चढवणं, खोली वाढवणं, गॅलरी बंद करून खोलीत घेणं, जिना बाहेर काढणं, याला परवानगी लागते. आतली भिंत पाडायची असेल आणि तिच्यावर स्लॅबचा भार असेल, तर ‘आतलंच काम आहे’ असं म्हणून हातोडा मारू नका. ती भिंत भार घेते की नाही, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरनेच सांगायचं. फ्लॅट असेल तर सोसायटीचं लेखी ना हरकत पत्र वेगळं लागतं.

२०२० च्या डिसेंबरपासून मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू आहे. छोट्या भूखंडांची वाट तिने सोपी केली, पण नकाशा आणि मालकीचा कागद कुणालाच चुकलेला नाही. नकाशा परवानाधारक इंजिनिअर किंवा आर्किटेक्टकडूनच काढून घ्या. आमचं घर विटांच्या भार घेणाऱ्या भिंतींचं, म्हणून वरचा भार पेलेल असा स्थैर्याचा दाखलाही जोडावा लागला. अर्ज दिला की पोच घ्या आणि जपून ठेवा, कारण अर्जावर निर्णय द्यायची कायद्यातली ६० दिवसांची मुदत तिथून मोजतात. परवानगी एक वर्ष चालते, नंतर मुदत वाढवून घ्यावी लागते. काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र मागायला विसरू नका. घर विकताना किंवा कर्ज काढताना बँक तेच मागते.

इंजिनिअरने पहिल्या दिवशी मागच्या अंगणात पायाच्या कडेला खड्डा घ्यायला सांगितला. मला हे फार आवडलं. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. पाया तिच्यातच थांबला असेल तर भिंतीला तडे ठरलेलेच. आमचा पाया पाच फुटांवर मुरमाला टेकलेला निघाला, तेव्हा कुठे एका मजल्याला होकार मिळाला. त्यातही दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींवर सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा घालायचाच, असं त्यांनी नकाशात लिहून दिलं. भूकंपात भिंती एकमेकींपासून सुटू नयेत म्हणून तो असतो. खर्च वाचवायला लोक आधी तोच गाळतात. कृपा करून गाळू नका.

आता मिस्त्री. याआधी बाथरूमच्या कामाला एकाला चाळीस हजार उचल देऊन बसलो होतो. तो फरशी उखडून गेला तो परत आलाच नाही. म्हणून या वेळी तीन मिस्त्र्यांची तीन-चार वर्षांपूर्वीची कामं बघितली. नवं घर बघून काही कळत नाही, रंगाखाली सगळं सारखंच दिसतं. पावसाळे काढलेलं घर बघा, आणि त्या घरातल्या बाईला विचारा. कुठं ओल येते, ओट्याखालचा पाइप कसा आहे, मिस्त्री नंतर बोलावल्यावर आले का, हे तिला पाठ असतं. दुसरी चौकशी बिगाऱ्यांकडे करा. बाजाराच्या दिवशी मजुरी चुकती होते का? तेच बिगारी दोन-तीन वर्षं त्यांच्याबरोबर आहेत का? ज्याच्या हाताखालची माणसं टिकतात, तो तुमचंही काम अर्ध्यावर टाकत नाही, असा माझा अनुभव आहे.

आमच्या मिस्त्र्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, “काकू, तुम्ही सळई बघितल्याबिगर मी माल टाकत न्हाय.” मी तिथेच ठरवलं. दुसऱ्याचा दर चौरस फुटाला तीस रुपयांनी कमी होता.

काम मजुरीवर उक्तं दिलं, माल आम्ही आणला. करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केला, दोन पानी. मोजमाप कसं धरायचं (छज्जा आणि जिना धरून की सोडून, भांडणं इथेच होतात), सेंट्रिंग (स्लॅब ओतायचा साचा आणि टेकू) कुणाचं, ढिगारा कुणी उचलायचा, वाढीव कामाचा दर काय, सगळं लिहिलं. पैसे टप्प्यांवर दिले: भिंती, स्लॅब, गिलावा, फरशी. दहा टक्के एका पावसाळ्यानंतर द्यायचे ठरले. दिलेल्या प्रत्येक रकमेवर वहीत सही घेतली.

मालाची तपासणी घरच्या घरी होते. १२ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई साधारण १०.७ किलो भरते. एक-दोन सळया वजनकाट्यावर घाला, हलकी सळई लगेच कळते. वाळू बरणीत घ्या, मिठाचं पाणी घालून हलवा आणि तीन तास ठेवा. वर गाळाचा जाड थर बसला तर ती वाळू परत पाठवा. स्लॅबच्या दिवशी सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे सळई तळापासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, आहेत का, रिंगांची टोकं आत वळवलीत का ते बघा. माल पसरायला सोपा जावा म्हणून बिगारी पाणी ओतत राहतात. सिमेंटच्या गोणीला २५-२७ लिटरपेक्षा जास्त पाणी पडू देऊ नका.

स्लॅब एप्रिल-मे महिन्यात टाकूच नका. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. उन्हाळ्यात पाणी मारायला टँकर परवडत नाही आणि स्लॅब तडकतो. आम्ही दिवाळीनंतर टाकला, वर आळी करून चौदा दिवस पाणी उभं ठेवलं. टेकू काढायची घाई मिस्त्र्यांनी केली नाही, मीही करू दिली नाही.

वायरमन परवानाधारक घ्या. वरचा मजला झाला की महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो, आणि शॉक लागताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवून घ्या. पाइप भिंतीत बसले की फरशी लावण्याआधी रात्रभर पाण्याने भरून ठेवा. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. पुढे खिळा मारताना तो उपयोगी पडतो.

सप्टेंबरात मिस्त्री राहिलेले पैसे घ्यायला आले. त्याआधी आम्ही गच्चीची भोकं बुजवून दोन दिवस पाणी साठवलं होतं. जिन्याजवळ वितभर ओल दिसली. त्यांनी तो कोपरा खरवडून पुन्हा केला, आम्ही आणखी दोन दिवस पाणी ठेवलं आणि मग त्यांच्या हातात दहा टक्के दिले.