पिशवी उलटी करा: फार्म.डी.च्या नवोदितांसाठी वॉर्डातला अनुभव

आपल्याकडे फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) हा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम २००८ साली आला. त्यात ५ वर्षे शिक्षण आणि सहावे वर्ष इंटर्नशिपचे. औषधांच्या परस्परक्रिया पाठ असल्या की वॉर्डात निभावून जाते, अशी पुण्यातील एका रुग्णालयात इंटर्नशिपला लागताना माझी समजूत होती, आणि ती महिनाभरही टिकली नाही.

सदाशिव पेठेतल्या ८२ वर्षांच्या एक आजी घरात दोनदा पडल्या म्हणून दाखल झाल्या होत्या. केसपेपरवर ६ औषधे होती, परंतु मुलाने घरून आणलेली कापडी पिशवी पलंगावर उलटी केली तेव्हा ती ११ निघाली. रक्तदाबाचे टेल्मिसार्टन दोन वेगवेगळ्या नावांनी होते, एक घरच्या डॉक्टरांचे आणि दुसरे हृदयरोगतज्ज्ञांचे, आणि आजी दोन्ही इमानाने घेत होत्या. पायांच्या आगीसाठी प्रेगाबॅलिन ७५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा चालू होते. मूत्रपिंडांचे काम दाखवणारे रक्तातले क्रिएटिनिन १.१, म्हणजे दिसायला ठीकच. पण आजींचे वजन ४५ किलो. वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडांची क्षमता काढणारे कॉकक्रॉफ्ट-गॉल्टचे सूत्र मांडले: १४० वजा ८२, गुणिले ४५, भागिले (७२ गुणिले १.१), आणि स्त्री म्हणून ०.८५ ने गुणायचे. उत्तर मिनिटाला साधारण २८ मिलिलिटर येते, आणि एवढ्या क्षमतेच्या मूत्रपिंडांना प्रेगाबॅलिन दिवसाला १५० मिलिग्रॅमच्या पुढे देत नाहीत. हे औषध जास्त झाले की चक्कर येते; आजींच्या पडण्याचे एक कारण हातात आले.

मी मात्र उत्साहाच्या भरात राउंडमध्ये, नातेवाइकांसमोरच, ‘डोस चुकलाय’ असे बोलून बसलो आणि वरिष्ठांचा चेहरा उतरला. तेव्हापासून आकडेमोड आणि सुचवलेला पर्याय एका चिठ्ठीवर लिहून आधी निवासी डॉक्टरांकडे देतो. बहुतेक वेळा बदल होतो.

‘औषधे वेळेवर घेता ना?’ असे विचारू नये, कारण उत्तर ‘हो’ हेच येते. ‘आजी, काल रात्री कोणत्या गोळ्या घेतल्या, जरा दाखवता का?’ असे विचारावे. मेडिकलवाल्याने कापून दिलेल्या पट्टीवर कित्येकदा नाव आणि मुदत यांपैकी काहीच उरलेले नसते, म्हणून अशा गोळ्यांची चौकशी वेगळी करावी लागते.

डिस्चार्जच्या दिवशी उरलेल्या ७ औषधांचा तक्ता मी मराठीत, ठळक अक्षरांत लिहून दिला. पंधरा दिवसांनी तपासणीला आल्यावर पिशवी पुन्हा उलटी केली, तर तक्त्यातली सातही औषधे नीट होती आणि त्यांच्यासोबत शेजारच्या वहिनींनी गुडघ्यांसाठी दिलेली डायक्लोफेनॅकची, म्हणजे अशा मूत्रपिंडांना जड जाणाऱ्या वेदनाशामकाची, एक पट्टी होती.