मोटारसायकलच्या फ्रेमचा मूळ रंग स्प्रे कॅनने कसा जुळवावा

फ्रेम काळी आहे, तेव्हा काळ्या रंगाचा कोणताही कॅन चालेल, असे धरून चालणाऱ्याची फसगत रंग वाळून गाडी उन्हात काढल्यावरच उघड होते. काळ्यातही निळसर झाक असलेला, तपकिरीकडे झुकणारा आणि निव्वळ गडद असे भेद असतात, शिवाय त्याची चकाकी प्रत्येक मॉडेलगणिक बदलते. म्हणून छटा आणि चकाकी या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे जुळवाव्या लागतात, आणि फ्रेमच्या बाबतीत नजरेला आधी खटकते ती चकाकी.

आपल्या बेळगाव-कोल्हापूर सीमाभागात फ्रेमचा रंग बहुधा ठरावीक जागीच जातो. खानापूर तालुक्यात पावसाळाभर लाल चिखल इंजिनाखालच्या नळीवर आणि स्विंग आर्मच्या (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याच्या) सांध्यात बसून राहतो. चिकोडी, रायबाग, अथणीच्या ऊसपट्ट्यात पोत्यांतून सांडलेले खत ओल्या लोखंडाला खाते. दुधाचे कॅन अडकवण्यासाठी बसवलेली कडी मागच्या नळीवर घासत राहते. तळहाताएवढ्या अशा जागांसाठी सगळी गाडी उघडून फ्रेम पावडर कोटिंगला (रंगाची भुकटी भट्टीत भाजून बसवण्याला) देणे परवडत नाही, आणि तेथेच स्प्रे कॅन योग्य ठरतो. मात्र अर्धीअधिक फ्रेम गंजलेली असेल तर कॅनचा नाद सोडून पावडर कोटिंगच करून घ्यावे. अशा वेळी कॅनवर केलेली काटकसर पुढच्या पावसाळ्यात वाया जाते.

रंग जुळवण्याआधी एक खात्री करून घेणे आवश्यक आहे, आणि नेमकी तीच बहुतेकजण विसरतात. फ्रेमवर आज दिसणारा रंग खरोखर कारखान्याचाच आहे का? सीमाभागात गाड्या कोल्हापूरकडून बेळगावकडे आणि इकडून तिकडे हातोहात विकल्या जातात, आणि विकण्यापूर्वी फ्रेमवर एक हात मारून घेण्याची रीत जुनीच आहे. सीटखालच्या किंवा टाकीखालच्या झाकलेल्या जागी पांढऱ्या कापडाला थोडे लॅकर थिनर लावून चोळून पाहावे. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग सहसा विरघळत नाही आणि कापड जवळपास स्वच्छ राहते. गॅरेजमध्ये मारलेला लॅकर (थिनर उडून गेल्यावर वाळणारा रंग) किंवा साधा कॅनचा रंग मात्र लगेच कापडाला लागतो. कापड काळे झाले, तर आपण मूळ रंगाशी नव्हे, तर मागच्या एखाद्या पेंटरच्या रंगाशी जुळवाजुळव करीत आहोत, हे समजावे. शिवाय अशा जुन्या थरावर नवा लॅकर मारल्यास खालचा थर सुरकुतू शकतो, म्हणून तो आधी खरवडून काढणे इष्ट.

खरा मूळ रंग ऊन आणि पाणी पोहोचत नाही तेथे सापडतो: टाकीखालच्या मधल्या नळीवर, साइड पॅनेलच्या आत, बॅटरीच्या खोक्यामागे. तेथील तेल आणि धूळ डिटर्जंटच्या पाण्याने धुऊन, थोडे रबिंग कंपाउंड घासून मगच रंग पाहावा, कारण मळाचा पातळ थरही काळ्याला करडा करून दाखवतो. मग प्रश्न येतो की जुळवायचे कशाशी, या झाकलेल्या ताज्या रंगाशी की बाहेरच्या उडालेल्या रंगाशी. फ्रेम पूर्ण रंगवायची असेल तर झाकलेला रंग प्रमाण मानावा. एखादाच तुकडा दुरुस्त करायचा असेल, तर शेजारची नळी आज जशी दिसते तशीच छटा घ्यावी. अन्यथा मूळ रंग अचूक साधूनही ठिगळ दिसतेच. याबाबत जुन्या गाड्यांचे शौकीन कितीही वाद घालोत, रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीसाठी दुसरा मार्गच शहाणपणाचा आहे.

तुलना करताना उजेडाची निवड महत्त्वाची आहे. दुकानातल्या एलईडी दिव्याखाली सारखे दिसणारे दोन रंग बाहेर वेगळे दिसू शकतात, कारण त्यांतील रंगद्रव्ये निरनिराळी असतात आणि प्रत्येक दिव्याखाली ती वेगळा प्रकाश परतवतात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, थेट ऊन टाळून, उघड्या आकाशाच्या सावलीत पाहावे. पांढऱ्या जाड पुठ्ठ्याला बोटभर भोक पाडून ते फ्रेमवर ठेवल्यास शेजारच्या टाकीचा रंग नजरेला फसवत नाही.

रंग मिळवण्याचे मार्ग तीन आहेत. काही गाड्यांवर सीटखाली रंगाच्या संकेतांकाची पट्टी असते. पण तो संकेतांक बहुधा टाकीचा असतो, फ्रेमचा नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तयार कॅन सर्वांत स्वस्त पडतात, पण झाकणावरचा रंग पाहून कॅन निवडू नये, कारण झाकण प्लॅस्टिकचे असते आणि आतल्या रंगाची हमी देत नाही. तिसरा मार्ग म्हणजे ऑटो पेंटच्या दुकानातून रंग मिसळून घेऊन तो रिकाम्या कॅनमध्ये भरून घेणे. त्यासाठी साइड पॅनेलच्या आतली एखादी छोटी पट्टी किंवा ब्रॅकेट काढून नमुना म्हणून न्यावा. मोबाइलवरचा फोटो दाखवून रंग मागणे व्यर्थ आहे. काळ्या फ्रेमसाठी तयार कॅन बहुधा पुरतो. जुन्या जावाची मरून फ्रेम किंवा केटीएम ड्यूकची नारिंगी फ्रेम असेल, तर मिसळून घेतलेल्या रंगाला पर्याय नाही.

कॅन आणल्यावर थेट फ्रेमवर मारू नये. जुन्या पत्र्याचा किंवा पाइपचा तुकडा घासून, फ्रेमवर वापरणार तोच प्रायमर लावून, त्यावर नमुना मारावा. पाइप अधिक बरा, कारण गोल नळीवर उजेड सपाट पत्र्यापेक्षा वेगळा पडतो. रंग ओला असताना निष्कर्ष काढू नये. एक रात्र वाळू देऊन मग तो फ्रेमशेजारी धरावा. छटा जुळली पण चकाकी जास्त वाटली, तर सॅटिन क्लिअरचा (मंद चमकीच्या पारदर्शक थराचा) हात देऊन ती उतरवता येते. चकाकी कमी असेल, तर ग्लॉस क्लिअरने वाढवता येते. कारखान्याच्या पुष्कळ काळ्या फ्रेम पूर्ण ग्लॉस किंवा पूर्ण मॅट नसून मधल्या असतात. म्हणून ग्लॉस काळा मारून वर सॅटिन क्लिअर, हा जोड बऱ्याचदा उपयोगी पडतो.

चंदेरी किंवा मेटॅलिक फ्रेमचे प्रकरण जरा किचकट आहे. अशा रंगातील ॲल्युमिनियमच्या बारीक पापुद्र्यांवर छटा अवलंबून असते: ओला, जड हात मारला की पापुद्रे खाली बसतात आणि रंग गडद दिसतो, लांबून हलका हात मारला की तोच रंग फिका होतो. म्हणजे एकाच कॅनमधून दोन छटा निघतात. नमुन्याचे तीन तुकडे वेगवेगळ्या अंतरांवरून मारून, जुळलेल्या तुकड्याचे अंतर आणि हातांची संख्या लिहून ठेवावी.

फ्रेमची तयारी करताना गंज 180 नंबरच्या पेपरने लोखंड दिसेपर्यंत काढावा, जुन्या रंगाची कड 320 ने बोट फिरवल्यास जाणवणार नाही इतकी उतरवावी, आणि प्रायमर 600 च्या पाणीपेपरने गुळगुळीत करावा. फिक्या रंगाखाली लाल रेड ऑक्साइड न वापरता करडा प्रायमर घ्यावा, नाहीतर खालची लाली वर डोकावते. हँडलजवळच्या गळ्यावर ठोकलेल्या चेसिस नंबरला पेपर अजिबात लावू नये आणि त्यावर टेप चिकटवून तो झाकावा. गाडी एमएच-09 वरून केए-22 किंवा केए-23 वर करून घेताना या नंबरचा पेन्सिलने छाप घेतला जातो, आणि घासल्याने किंवा रंगाने बुजलेला नंबर पाहून अधिकाऱ्याला शंका आली तर समजावणे कठीण जाते.

हवामान पाहून दिवस निवडावा. जून ते सप्टेंबर या काळात बेळगाव-खानापूरच्या दमट हवेत लॅकरवर पांढुरकी साय धरते आणि जुळलेला काळाही राखाडी दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. त्यातही सकाळचे धुके आणि दव ओसरून लोखंड कोरडे झाल्यावरच सुरुवात करावी. आतली गोळी वाजू लागल्यानंतर कॅन किमान दोन मिनिटे हलवावा, 20 ते 25 सेंटीमीटर अंतर ठेवावे आणि एका जाड हाताऐवजी दहा-दहा मिनिटांच्या अंतराने तीन पातळ हात द्यावेत. रंगाची हद्द नळीच्या मधोमध न सोडता वेल्डिंगच्या सांध्यापर्यंत किंवा ब्रॅकेटपर्यंत न्यावी. किंचित उरलेला फरक सांध्यावर डोळ्यांत भरत नाही. साध्या कॅनचा रंग पेट्रोलने विरघळतो, म्हणून टाकीखालच्या भागावर हार्डनरयुक्त (कडक करणारे द्रव्य मिसळलेला) टू-के क्लिअर मारावा, आणि तो मारताना साध्या रुमालावर न भागवता रासायनिक वाफ अडवणारा मास्क घालून मोकळ्या हवेत काम करावे.