कामगारांच्या रक्त-लघवीची रासायनिक तपासणी: या चुका टाळा

कामावरची रसायनं कामगाराच्या शरीरात किती गेली हे पाहायला रक्त-लघवी तपासतात. रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून आलं की फाइल बंद होते. नमुना कधी घेतला, कामाच्या पाळीच्या (शिफ्टच्या) सुरुवातीला की शेवटी, हे मात्र त्यावर बहुधा नसतंच. ते ठाऊक नसेल तर आकडा कितीही काटेकोरपणे मोजलेला असो, त्यावरून काही ठरवता येत नाही.

म्हणून पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे तंत्रज्ञ येईल त्या वेळी, सरसकट सगळ्यांचे नमुने घेणं. सॉल्व्हंट, म्हणजे रंग-रेझिन वगैरे विरघळवणारी द्रावकं, शरीरातून झपाट्यानं बाहेर पडतात. स्टायरीन या सॉल्व्हंटसाठी त्यापासून शरीरात तयार होणारं, लघवीतलं मॅन्डेलिक आणि फेनिलग्लायॉक्झिलिक आम्ल पाहतात, ते पाळी संपता संपता. सुट्टीनंतरच्या सकाळी घेतलेला नमुना सुट्टीचीच हकिगत सांगणार. कार्बन मोनॉक्साइडचं तर आणखी अवघड. साध्या हवेत कार्बॉक्सीहिमोग्लोबिन (या वायूला चिकटलेलं रक्तातलं हिमोग्लोबिन) चार ते सहा तासांत निम्म्यावर येतं आणि ऑक्सिजन लावला तर त्याहून लवकर. त्यामुळे रक्त काढण्याची वेळ आणि ऑक्सिजन लावल्याची वेळ, दोन्ही लिहून ठेवा.

शिशाचं उलटं. रक्तातलं त्याचं अर्धायुष्य (निम्म्यावर यायला लागणारा काळ) महिनाभराचं असल्यानं नमुना कधीही चालतो. पण हाडांत साठलेलं शिसं वर्षानुवर्षं रक्तात झिरपत राहतं. जुन्या कामगाराला शिशापासून दूर केल्यावरही पातळी हळूहळूच उतरते, म्हणून लगेच प्रयोगशाळेला दोष देऊ नका. कॅडमियममध्ये रक्त अलीकडचा संपर्क दाखवतं आणि लघवी बरीचशी शरीरातला साठा. प्रश्न कोणता आहे ते ठरवल्याशिवाय बाटली उघडू नये.

अचानक फार मोठा आकडा आला? आधी हात पाहा. शिशाची धूळ बसलेल्या बोटाला टोचून घेतलेला थेंब खोटा आकडा देऊ शकतो. शिरेतून रक्त घेऊन खात्री करा. लघवीचा नमुनाही कामाचे कपडे बदलून, हात धुऊन, कामाच्या जागेपासून लांब घ्यावा. क्रोमियम किंवा निकेल मोजायचं असेल तर स्टीलच्या सुईतूनही धातू नमुन्यात उतरू शकतो.

मग खाणं आणि सिगारेट. समुद्री मासे खाल्ल्यावर लघवीतलं एकूण आर्सेनिक वाढतं, पण ते मुख्यतः निरुपद्रवी सेंद्रिय रूपातलं असतं. त्यामुळे अजैविक आर्सेनिक वेगळं मोजून मागा. टोल्युइन या सॉल्व्हंटसाठी पूर्वी त्यापासून शरीरात बनणारं हिप्युरिक आम्ल पाहत. खाद्यपदार्थांतल्या बेंझोएटमुळेही ते वाढतं, म्हणून आता त्यापासूनच बनणारं ऑर्थो-क्रेसॉल किंवा मूळ टोल्युइनच मोजणं बरं. बेंझीनसाठी लघवीत मोजतात त्या म्युकोनिक आम्लात सॉर्बिक आम्ल नावाचं परिरक्षक असाच घोळ घालतं. धूम्रपानाची नोंद नसलेला बेंझीनचा, कॅडमियमचा किंवा कार्बन मोनॉक्साइडचा रिपोर्ट मी तरी अर्धवटच समजतो.

लघवी फार पातळ किंवा फार दाट असली तरी फसगत होते. लघवी किती दाट आहे हे दाखवणारं क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) लिटरला 0.3 ते 3 ग्रॅमच्या बाहेर असेल तर नमुना पुन्हा घ्या.

कीटकनाशकांच्या बाबतीत एक चूक हमखास होते. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांसाठी ती ज्याची क्रिया रोखतात ते रक्तातलं कोलिनेस्टेरेज हे एन्झाइम पाहायचं असतं, पण 'सामान्य मर्यादा' इतकी रुंद असते की एखाद्याची क्रिया तिसऱ्या हिश्शानं घटूनही तो त्या मर्यादेत बसू शकतो. तुलना त्याच माणसाच्या आधारपातळीशी (संपर्काआधीच्या पातळीशी) हवी आणि ती फवारणी सुरू होण्याआधीच मोजलेली हवी. आधारपातळीच्या 70 टक्क्यांवर आलेली क्रिया हा इशारा समजतात. हंगामाच्या मध्यावर घेतलेली 'आधारपातळी' आधीच खाली आलेली असू शकते.

हवेची मोजणी चांगली आणि लघवीचा आकडा वाईट, असा पेच पडला तर मोजमाप फेकून देऊ नका, त्वचेकडे वळा. डायमिथाइलफॉर्मामाइडसारखं सॉल्व्हंट कातडीतून सहज आत जातं. चुकीच्या रबराचे हातमोजे घातले तर ते आतूनच ओले होतात. उलट, हवेत जास्त आणि लघवीत कमी असेल तर मास्क काम करतोय किंवा नमुन्याची वेळ चुकली आहे. आधी दुसरी शक्यता तपासा.

ज्याचा आकडा वाढला त्यालाच दुसऱ्या विभागात हलवणं सोपं असतं. त्याच्या जागी आलेल्याचा आकडाही यथावकाश चढतो. त्याऐवजी एकाच विभागातले सगळे रिपोर्ट शेजारी ठेवा. सगळ्यांचे वाढलेले असतील तर वायुवीजन आणि प्रक्रिया पाहा. एकाचाच वाढलेला असेल तर नमुना पुन्हा घ्या आणि त्याच्यासोबत पूर्ण पाळी उभं राहून तो काय, कशानं पुसतो ते पाहा.