संध्याकाळी सातच्या आधीचा फोन : एकटं राहताना दारू लांब कशी ठेवायची

आधीच सांगतो, हे ज्यांची दारू सुटलेली आहे त्यांच्यासाठी आहे. तुम्ही अजून रोज पिताय, रूमवर एकटेच आहात आणि हे वाचून "चला आजपासून बंद" म्हणणार असाल तर प्लीज थांबा. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास, बडबड, आपण कुठे आहोत तेच न कळणं, असलं काही झालं तर जिवावर बेततं. तिथे डॉक्टर लागतो, गोळ्या लागतात, बी-वन जीवनसत्त्व लागतं. जिद्द वगैरे नंतर.

आता सुटलेल्यांचं. एकटं पडायची कारणं शंभर असतात, बदली झाली, बायको-मुलं गावी आणि आपण कंपनीच्या रूमवर, पाय मोडून प्लास्टरमध्ये घरी पडलोय, वर्क फ्रॉम होममुळे चार-चार दिवस दार उघडलं नाही, नाहीतर घरच्यांनीच आता संबंध नको म्हटलंय. पण डोक्यात येणारं वाक्य सगळ्यांचं एकच, "आता कोणाला कळणारे?" घरी असताना कोणीतरी तोंडाचा वास घेतं, आवाज ऐकून ओळखतं, खिशातलं बिल बघतं, आणि त्याचा राग येत असला तरी ते कुंपण असतं. एकटं पडल्यावर पहिलं काम म्हणजे कळणारं माणूस स्वतःहून नेमायचं. बाकी सगळं त्यानंतर.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये हे फार स्पष्ट दिसलं. मार्चअखेर दुकानं बंद झाली तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं आपली सुटली. मग मे महिन्यात दुकानं उघडली, रांगा लागल्या, महाराष्ट्रात तर मेच्या मध्यापासून घरपोच पण मिळायला लागली आणि ती सुटलेली दारू परत घरात आली. मिळत नाही म्हणून न पिणं वेगळं, त्याने आतली तलफ जात नाही. एप्रिल 2021 मध्ये यवतमाळच्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर पिऊन सात माणसं गेली.

तर माणूस नेमायचा कसा. दोन-तीन जण धरा, त्यातला एक तरी स्वतः सुटलेला हवा. एकट्या बायकोवर हे ओझं टाकू नका, ती आधीच थकलेली असते आणि तिला सांगताना आपण अर्धं लपवतोच. वेळ ठरवायची, आणि ती तुमच्या पिण्याच्या वेळेच्या आधीची. तुम्ही आठला बसायचात तर फोन सातच्या आत. नियम असा सांगून ठेवायचा की सव्वासातपर्यंत माझा फोन नाही आला तर तू कर, मी नाही उचलला तर खालच्या काकांना फोन कर आणि दार वाजवायला सांग. काकांचा नंबर आधीच देऊन ठेवा. हो, लाज वाटते, पहिला आठवडा वाटते.

फोनवर काय बोलायचं हा प्रश्न सगळ्यांना पडतो. फार काही नाही, असं :

"दादा, बोलू का दोन मिनिटं?"
"बोल ना."
"काय नाय, आज डोक्यात चाललंय जरा. साहेबाने सगळ्यांसमोर झापलं. आणि खाली उतरलं की समोरच दुकान."
"जेवलास?"
"नाय अजून."
"मग वरण-भात लाव कुकरला. फोन स्पीकरवर ठेव, शिट्ट्या होईपर्यंत बोलू."

बघा, यात उपदेश कुठेच नाहीये. दादाने पहिलं जेवणाचं विचारलं कारण भूक, राग, एकटेपणा आणि थकवा ही चार तलफेची नेहमीची दारं आहेत, त्यातली दोन-तीन एकदम उघडी असली की माणूस चप्पल घालतो. आणि तलफ वाढत वाढत जाते तशी उतरते पण, बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात, तेवढा वेळ काढायचा असतो. कुकर त्यासाठी बरा, कारण गॅस चालू ठेवून कोणी खाली जात नाही.

हा फोनचा उपाय नवा नाहीच. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना धरून ठेवायची संघटना, तिची सुरुवातच तिथून आहे. मे 1935, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव, बिल डब्ल्यू. हा माणूस परगावी हॉटेलात एकटा, धंद्याचं काम फसलेलं, दारू सोडून जेमतेम पाच महिने, आणि लॉबीतच बार. तो बारकडे न जाता फोनकडे गेला, चर्चच्या यादीतले नंबर फिरवत बसला की मला बोलायला दुसरा एखादा दारुडा द्या. त्यातून डॉ. बॉब भेटले, ते पंधरा मिनिटं देतो म्हणून आले आणि दोघं तासन्‌तास बोलत बसले. लक्षात घ्या, बिलने आपल्याला मदत करणारा कोणी शोधला नव्हता, आपल्यासारखाच दारुडा शोधला होता.

आता या संघटनेच्या मीटिंगा ऑनलाइन पण होतात, मराठीतून होतात. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय, तुम्ही जिथून सुटलात तिथल्या फॉलोअपला फोन करून विचारा, लांबून कसं जोडून राहायचं ते ते सांगतील. ऑनलाइन बसताना कॅमेरा चालू ठेवा, पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी बोला, नुसतं नाव सांगितलं तरी चालेल. म्यूट करून भांडी घासत ऐकलेली मीटिंग माझ्या मते धरायचीच नाही.

घराचं पण बघा. जुने ग्लास, ओपनर, पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेली बाटली, सगळं बाहेर. आणि खारे शेंगदाणे-शेव आणून मॅच बघत एकटं बसायचं नाही, हाताला सवय असते, तो ग्लास शोधतो. बिनअल्कोहोलची झिरो-झिरो बिअर पण नको, चव तीच, रंग तोच, कशाला ते. पगाराच्या दिवशी पैसे घरी पाठवून थोडेच हाताशी ठेवा. खोकल्याची औषधं घेताना केमिस्टला विचारा अल्कोहोल आहे का. डायसल्फिरामची गोळी (जिच्यावर दारू घेतली की त्रास होतो ती) चालू असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कधी आफ्टरशेव्ह-सॅनिटायझरने पण त्रास होतो, आणि गोळी बंद केली तरी दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो, तेव्हा "काल बंद केली, आज घेऊ" असला हिशोब करू नका. घरच्यांनो, ती गोळी आमटीत चोरून घालू नका, त्यावर तो प्यायला तर प्रकरण हॉस्पिटलात जातं.

झोप लागत नाही ही एकट्याची मोठी तक्रार. सुरुवातीचे महिने झोप खराबच असते, पण मित्राकडून झोपेच्या गोळ्या मागवू नका, एक सुटून दुसरं लागतं. डॉक्टरला सांगा. सकाळी अंघोळ करून एकदा तरी खाली उतरा, दूधवाला, वॉचमन, कोणाशी तरी दोन शब्द बोला.

आणि घेतलीच तर? त्याच रात्री फोन करा, सोमवारपासून परत सुरू म्हणत शनिवार-रविवार काढू नका, एका क्वार्टरचे चार दिवस तिथेच होतात. चार-पाच दिवस सलग झाली असेल तर परत एकट्याने बंद करायची नाही, वर सांगितलंय तेच, डॉक्टर. ब्राऊन शुगरवाल्यांना वेगळं सांगतो, बंद असताना शरीराची सहन करायची ताकद कमी झालेली असते, जुन्या मापाने घेतलं तर जीव जातो. रात्री कोणीच उचलत नसेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, आणि मन फारच खचलं असेल, जगू नये असं वाटत असेल तर 14416, टेलिमानस, दोन्ही फुकट.

एक राहिलं. एकटेपणा संपतो तो आठवडा पण धोक्याचाच, सुट्टी मिळून गावी जाता आणि पहिल्याच संध्याकाळी कोणाची तरी हळद असते, मित्र गच्चीवरून हाक मारतात. जायचंच असेल तर जेवून जा, गाडी स्वतःची न्या, हातात आधीच सरबताचा ग्लास धरा, आणि दादाला सांगून ठेवा की साडेनऊला मला फोन कर, मी तो निमित्त करून निघेन.