१० स्पीड रोड शिफ्टर, एमटीबी डिरेलर आणि अर्धवट पडणारे गिअर: माझा अनुभव

पन्हाळ्याच्या चढासाठी टूरिंग सायकलला ११-३४ कॅसेट (मागच्या चाकावरचा ११ ते ३४ दातांच्या चकत्यांचा संच) आणि १० स्पीड, म्हणजे मागच्या दहा चकत्यांसाठीचा, एमटीबी (माउंटन बाइकचा) डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) लावला. शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे खटके) जुनेच, रोड सायकलचे शिमानो टियाग्रा ४६००. सगळंच १० स्पीड, म्हणजे जमणार. कसलं काय! एका क्लिकला चेन पुढच्या चकतीपर्यंत पोचेचना, मधेच करकरत राही.

केबल बदलली, हँगर (डिरेलर जिथं बसतो ती पट्टी) सरळ करून घेतला. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या वाघबिळाच्या अलीकडं सायकल ढकलताना डोस्कंच फिरलं.

गोम गणितात होती. हा शिफ्टर क्लिकला २.३ मिमी केबल ओढतो. १० स्पीड एमटीबी डिरेलर त्याच्या १.२ पट सरकतो, म्हणजे २.७६ मिमी, कॅसेटवर एका चकतीवरून पुढचीवर जायला हवेत ३.९५. शिमानोचाच ९ स्पीड एमटीबी डिरेलर १.७ पट, म्हणजे ३.९१.

मग शिमानोचा जुना ९ स्पीड एमटीबी डिरेलर, डिओरे, मिळवला. चेन १० स्पीडचीच ठेवली. शिफ्टर सर्वांत लहान चकतीच्या गिअरवर आणून आधी एच स्क्रू (चेन लहान चकतीच्या बाहेर जाऊ न देणारा) लावला. बॅरल (केबलचा ताण कमीजास्त करणारा फिरता स्क्रू) पूर्ण आत फिरवून दोन फेरे बाहेर घेतला, केबल हातानं ताणून बोल्ट आवळला. एक क्लिक दिला. चेन दुसऱ्या चकतीवर चढेपर्यंत बॅरल पाव-पाव फेरा बाहेर घेतला. नंतर एल स्क्रू (मोठ्या चकतीच्या बाजूची मर्यादा). शेवटी ३४ दातांवर चेन ठेवून डिरेलरची वरची पुली (छोटं दातेरी चाक) चकतीला घासणार नाही इतकाच बी स्क्रू (पुली आणि चकतीतलं अंतर ठरवणारा) आवळला.

टियाग्रा ४७०० असेल तर हे करू नका, तिची केबल-ओढ वेगळी आहे.