मोनेच्या उडव्यांसारखं निसर्गचित्र तैलरंगात कसं रंगवावं

फ्रान्समधल्या जिव्हेर्नीत, घराजवळच्या शेतातल्या गव्हाच्या उडव्या, म्हणजे कापलेल्या पिकाच्या रचलेल्या गंजी, चित्रकार क्लोद मोनेने १८९०-९१च्या सुमारास जवळपास २५ कॅनव्हासांवर रंगवल्या. विषय तोच, प्रकाश दर वेळी वेगळा. तशी उडवी संध्याकाळच्या उन्हात रंगवायची तर आधी काळा रंग पेटीतच राहू द्या.

पॅलेटवर सहा रंग पुरतात: पांढरा, कॅडमियम पिवळा, शेंदरी लाल, गडद मॅडर (किरमिजी लाल), कोबाल्ट निळा, विरिडियन हिरवा. मोनेचीही यादी साधारण हीच होती. त्याचा पांढरा शिशाचा, म्हणजे विषारी. आपण टायटॅनियम घ्यावा. पण तो फार जोरकस असतो, थोडाही जास्त पडला की मिश्रण खडूसारखं फिकं होतं. मॅडर उन्हात उडतो, त्याऐवजी ‘परमनंट अलिझरिन’ नावाचा टिकाऊ रंग चालेल.

कॅनव्हास ३० × ४० सेंमी, वर फिकट करडा थर देऊन वाळवलेला. पांढऱ्याशुभ्र कॅनव्हासवर प्रत्येक छटा आहे त्यापेक्षा गडद भासते, मग हात आपोआप फिकं रंगवत जातो. ब्रश चपटे, डुकराच्या राठ केसांचे, ४ आणि ८ नंबरचे. ट्यूबमधला रंग अर्धा तास टीपकागदावर ठेवला की जादा तेल शोषलं जाऊन रंग घट्ट होतो, फटकारा उठून दिसतो. फार वेळ ठेवू नका. तेल उरलंच नाही तर वाळल्यावर रंग भुकटी होऊन सुटतो.

टर्पेंटाइनने पातळ केलेल्या कोबाल्टने चार-पाच रेषांत क्षितिज, उडवी आणि सावलीची कड मांडा. मग लगेच सावली रंगवा, कारण तीच सगळ्यात आधी सरकते. ऊन पिवळं-नारिंगी असलं की सावली निळी-जांभळी दिसते: कोबाल्ट, थोडा मॅडर, पांढरा. पण तिच्यात एकच जांभळा सपाट भरलात तर जमिनीला भोक पडल्यासारखं दिसेल. उडवीच्या पायथ्याशी लालसर फटकारे, मोकळ्या बाजूला निळे, मध्ये खुंटांचे हिरवट तुकडे हवेत. डोळे किलकिले करून बघा. हे सगळे तुकडे जवळपास सारखेच गडद दिसले पाहिजेत.

उजळ बाजूला पिवळा आणि शेंदरी शेजारी-शेजारी ठेवा, घोटू नका. एक फटकारा, ब्रश पुसा, पुढचा फटकारा. चित्राचा चिखल होतो तो बहुतेक वेळा रंग चुकल्याने नाही, तर ओल्या नारिंगीवरून ओला निळा दोनदा फिरवल्याने. झालाच तर तेवढी जागा पॅलेट-सुरीने खरवडून काढा. वरून पांढरा लावून सुधारत नाही.

चाळीसेक मिनिटांनी प्रकाश बदलला की थांबा. पुढचा प्रकाश दुसऱ्या कॅनव्हासवर, हा कॅनव्हास उद्या त्याच वेळेला. एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. मोनेही नंतर स्टुडिओत बराच हात फिरवत असे. आठवडाभराने खालचा थर हाताला वाळला की कोरड्या ब्रशने वरवर फटकारे ओढा, खालचा रंग फटींतून दिसत राहील. या थरात टर्पेंटाइन नको, नाहीतर पुढे भेगा पडतात.

चकचकीत वॉर्निश टाळा. ते रंग गडद करतं, आणि टीपकागदाने कमावलेला निस्तेज पोत एका हातात घालवतं.